एक, दोन, तीन

एक आडवी रेघ. ती तीन ठिकाणी उंचावते आणि पुन्हा खाली येते. कमी चुंबकी क्षेत्राच्या बाजूने वाचत निघालो, तर पहिला उंचवटा लहान, दुसरा त्याहून मोठा, तिसरा सर्वांत मोठा. एवढेच चित्र. १९५१ साली ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’ या नियतकालिकाच्या एकोणिसाव्या खंडात, ५०७ व्या पानावरच्या एका लहानशा पत्रात ते आले. पत्राचे लेखक तिघे: अर्नोल्ड, धर्मट्टी, पॅकार्ड. आडनावांचा क्रम वर्णानुक्रमाने लावलेला आहे, मोठेपणाने नाही. तपासलेला पदार्थही साधा, एथिल अल्कोहोल.

प्रतिचुंबकत्वाचे, म्हणजे डायमॅग्नेटिझमचे, सुंदर चित्र दाखवा म्हटले की बहुतेक जण अधांतरी तरंगणारा बेडूक दाखवतात. १९९७ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथे आंद्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला होता. प्रयोग विलक्षण आहे, याबद्दल वाद नाही. पण निवड करायची झाली तर मी बेडूक बाजूला ठेवून हा तीन उंचवट्यांचा आलेख उचलीन. बेडूक सांगतो की पदार्थ चुंबकाला विरोध करतो. आलेख सांगतो की त्या पदार्थाच्या पोटात कोणता अणू किती विरोधाच्या आडोशाला बसला आहे.

आलेख वाचण्याआधी हा विरोध म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी मी आमच्या सोनाळ्याबाहेर जात नाही. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. इथल्या पोरांना चुंबक म्हटले की नाल्यातली वाळू आठवते. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेला चुंबक वाळूतून फिरवला की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. ते कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे. डोंगराचा बेसाल्ट झिजला, त्याची माती झाली, वाळू झाली, आणि त्यातले हे लोहयुक्त कण पाण्याबरोबर खाली आले. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड आणि ही काळी वाळू यांना चुंबक ओढतो. बाकीच्या जगाचे चुंबकाशी काही देणेघेणे नाही, असे मग मुलांनाही वाटते आणि मोठ्यांनाही.

ते खरे नाही. तांब्याचा गडू, चांदीची जोडवी, सोन्याची पोत, मीठ, साखर, सरकी, माठातले पाणी, चुंबक धरलेला हातसुद्धा, या सगळ्यांचे चुंबकाशी नाते आहे, आणि ते दूर सरण्याचे आहे. जर्मनची परात, म्हणजे ॲल्युमिनिअमची, उलट किंचित जवळ येऊ पाहते. फक्त ही ओढ आणि हे दूर सरणे इतके अल्प असते की साध्या चुंबकाने हाताला ते जाणवत नाही. पाण्याचे उदाहरण घ्या. बाहेरून चुंबकी क्षेत्र लावले, तर पाण्याचा प्रतिसाद त्या क्षेत्राच्या दहा लाखांत सुमारे नऊ भाग, आणि तोही उलट दिशेने. बिस्मथ या धातूचा विरोध याच्या अठरापट. नेहमीच्या धातूंमध्ये या बाबतीत तोच पुढे, म्हणून १७७८ साली ब्रुगमन्स या डच अभ्यासकाला चुंबकापासून पळणारा पदार्थ म्हणून बिस्मथ प्रथम दिसला.

मायकेल फॅरडे १८४५ मध्ये या वाटेने गेला. शिसेयुक्त जड काचेचा तुकडा त्याने दोरीने प्रबळ चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगला. लोखंडाचा तुकडा ध्रुवाकडून ध्रुवाकडे, क्षेत्राच्या रेषेत उभा राहतो. काच आडवी झाली. मग त्याने मिळेल ते टांगून पाहिले: पाव, सफरचंद, मांस, रक्त. सगळे आडवे. माणसाला पुरेशा नाजूकपणे टांगता आले तर तोही आडवाच होईल, असे त्याने लिहून ठेवले आहे. मला या नोंदीतली निर्भयता आवडते. एका काचेच्या तुकड्यावरून त्याने सगळ्या सृष्टीबद्दल विधान करण्याचे धाडस केले आणि ते धाडस टिकले.

कारण शोधायला आणखी साठ वर्षे गेली. १९०५ साली पॉल लांजव्हँने दाखवले की हा विरोध अणूतल्या इलेक्ट्रॉनांचा आहे. बाहेरून क्षेत्र लावले की प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या फिरण्यात अगदी थोडा फरक पडतो, आणि तो फरक नेहमी बाहेरच्या क्षेत्राच्या विरुद्ध असे इवलेसे क्षेत्र तयार करतो. हा गुण कोणत्याही अणूला चुकलेला नाही. लोखंडातही तो आहे. पण लोखंडाच्या स्वतःच्या प्रचंड चुंबकत्वाखाली तो दडपून जातो. ॲल्युमिनिअममध्ये दुसऱ्या, ओढणाऱ्या गुणाने त्याच्यावर मात केली आहे. म्हणजे विरोध हा सर्वांचा पाया, आणि ओढ ही काहींची भर.

लांजव्हँच्या सूत्रात एक बारकावा आहे आणि या रसग्रहणाचा सगळा भार त्यावर आहे. एकूण विरोध किती, हे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती दूर आहेत यावर ठरते, आणि तेही अंतराच्या वर्गावर. दुप्पट दूरच्या इलेक्ट्रॉनचा वाटा चौपट. त्यामुळे पदार्थ बाहेरून मोजला की अणूच्या कडेचे इलेक्ट्रॉन बोलतात, केंद्रकाजवळचे जवळजवळ गप्प राहतात.

आता मुंबईला येऊ. काळाघोड्याजवळची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची वास्तू अनेकांनी पाहिली असेल. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुकार जॉर्ज विटेट याचेच ते काम. स्वातंत्र्यापूर्वी तिच्या नावामागे ‘रॉयल’ होते. तिथे रसायनाचे प्राध्यापक माता प्रसाद आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी १९४० च्या दशकात प्रतिचुंबकत्व मोजत होते. सेलेनिअमची संयुगे, कॅल्शिअमच्या कुळातल्या धातूंचे क्षार, असे एकेक पदार्थ घेऊन त्यांनी निबंध लिहिले. त्यांतल्या अनेकांवर दुसरे नाव आहे ते एस. एस. धर्मट्टी यांचे.

अशा मोजणीची रूढ रीत साधी आणि अतिशय चिकाटीची असते. काचेच्या अरुंद नळीत पदार्थ भरायचा, ती नाजूक तराजूला टांगायची, नळीचे खालचे टोक विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये येऊ द्यायचे. चुंबक बंद असताना वजन घ्यायचे, सुरू करून पुन्हा घ्यायचे. प्रतिचुंबकी पदार्थ क्षेत्राबाहेर ढकलला जातो, म्हणून वजन किंचित कमी भरते. हा फरक मिलिग्रॅमच्या घरातला. नळीच्या काचेचाही विरोध असतो, तो वजा करायचा. भोवतालच्या हवेतल्या ऑक्सिजनला चुंबक ओढतो, त्याचा हिशेब ठेवायचा. पदार्थात लोखंडाचा अंश जरी शिरला तरी सगळे मोजमाप पाण्यात जाते. एवढे करून हाती येतो एक आकडा. पूर्ण रेणूचा मिळून एक.

त्या आकड्यातून रेणूची रचना काढायची युक्ती फ्रान्सच्या पास्कलने दिली होती. प्रत्येक अणूचा ठरावीक वाटा धरायचा, त्यांची बेरीज करायची, आणि दुहेरी बंध किंवा वलय असेल तर थोडी दुरुस्ती घालायची. मोजलेला आकडा बेरजेशी जुळला तर रचना बरोबर असण्याचा संभव. ही पद्धत मला नेहमी आदरणीय वाटली आहे. पण तिची मर्यादा तिच्या स्वभावातच आहे. बेरीज हाती असली की घटक कोणते होते हे निश्चित सांगता येत नाही. अल्कोहोलच्या सहा हायड्रोजनांचा मिळून एक आवाज ऐकू येतो. त्यांतला कोण काय म्हणाला, ते कळत नाही.

मुंबईत हे बेरजेचे काम केलेले धर्मट्टी काही वर्षांनी कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठात, फेलिक्स ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. ब्लॉक यांनी तिथे, आणि एडवर्ड पर्सेल यांनी हार्वर्डला, १९४५-४६ च्या हिवाळ्यात स्वतंत्रपणे एक गोष्ट साधली होती. हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक असते. मोठ्या चुंबकात ठेवले की ते एका ठरावीक वेगाने डोलू लागते. हा वेग त्याला जाणवणाऱ्या क्षेत्राच्या प्रमाणात असतो. त्याच वेगाची रेडिओलहर सोडली की केंद्रक तिला उत्तर देते. यालाच आज एनएमआर म्हणतात. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘त्याला जाणवणाऱ्या’ हे शब्द मी मुद्दाम घातले. बाहेर लावलेले क्षेत्र आणि केंद्रकाला जाणवणारे क्षेत्र एक नसते. मध्ये इलेक्ट्रॉन असतात आणि ते आपल्या स्वभावाप्रमाणे विरोध करतात. विलिस लॅम्बने १९४१ मध्येच या आडोशाचा हिशेब मांडला होता. एकट्या हायड्रोजन अणूत तो दहा लाखांत सुमारे १८ भाग येतो. आणि इथे तो बारकावा उलटा होतो. लॅम्बच्या सूत्रात इलेक्ट्रॉनचा वाटा अंतराच्या वर्गाने वाढत नाही. अंतर वाढले की तो कमी होतो. केंद्रकाशी लगटून असलेले इलेक्ट्रॉन इथे सर्वांत जास्त बोलतात. म्हणजे इलेक्ट्रॉनांचा मेघ तोच, त्याचा विरोधही तोच, पण तराजूने मोजला तर कडेचे इलेक्ट्रॉन ऐकू येतात आणि केंद्रकाकडून विचारला तर आतले. प्रतिचुंबकत्वाची ही दोन वाचने एकमेकांना पूरक आहेत. धर्मट्टी या एकाच माणसाच्या कामात ती दोन्ही येतात, मुंबईत पहिले आणि स्टॅनफर्डला दुसरे.

भौतिकशास्त्रज्ञांना मात्र हा आडोसा नको होता. त्यांना केंद्रकांचे चुंबकी बल अचूक मोजायचे होते. धर्मट्टी स्वतः तिथे वीव्हर यांच्याबरोबर गंधक-३३ चे असे मोजमाप करत होते. १९५० साली त्याच प्रयोगशाळेत प्रॉक्टर आणि यू यांनी अमोनिअम नायट्रेटमधला नायट्रोजन तपासला, तर एका रेघेऐवजी दोन आल्या. नायट्रोजन तोच, पण अमोनिअममधला वेगळे उत्तर देतो आणि नायट्रेटमधला वेगळे. म्हणजे केंद्रकाच्या मोजमापात रसायन घुसले. केंद्रकाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ही अडगळ होती. अल्कोहोलच्या पत्राचे मोठेपण हे की त्याने या अडगळीलाच विषय केले. त्याच्या मथळ्यात केंद्रकाचा शोध नाही. सेंद्रिय संयुगांपासून मिळणाऱ्या संकेतांवर रसायनाचा काय परिणाम होतो, तेच मथळा सांगतो.

आता आलेखाकडे. एथिल अल्कोहोलच्या रेणूत दोन कार्बन, एक ऑक्सिजन आणि सहा हायड्रोजन. टोकाच्या कार्बनवर तीन हायड्रोजन, मधल्या कार्बनवर दोन, ऑक्सिजनवर एक. रेडिओलहर एकाच वेगाची ठेवून बाहेरचे क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, की ज्या प्रोटॉनला आडोसा कमी तो आधी उत्तर देतो, ज्याला जास्त तो नंतर.

हा आडोसा समजायला एक गोधडी पुरते. थंडीच्या रात्री एका गोधडीत चार भावंडे झोपली आहेत, आणि थोरला झोपेत ती सारखी आपल्याकडे ओढतो. त्याला खेटून निजलेला उघडा पडतो, मधला अर्धवट, आणि टोकाचा, थोरल्यापासून दूर असल्यामुळे, बऱ्यापैकी पांघरलेला राहतो. अल्कोहोलमध्ये तो ओढणारा थोरला म्हणजे ऑक्सिजन, आणि गोधडी इलेक्ट्रॉनांची. ऑक्सिजनला थेट जोडलेला हायड्रोजन सर्वांत उघडा. त्याचा उंचवटा कमी क्षेत्रावर, सर्वांत आधी येतो. मधल्या कार्बनवरचे दोन त्यानंतर. टोकाचे तीन सर्वांत शेवटी. रेघ डोळ्यांनी चालत जावी तसा रेणूही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. जागेची मोजणी कुठेच केलेली नाही. मोजले आहे ते फक्त क्षेत्र. तरी क्रम रेणूचा आला.

उंचवट्यांमधली अंतरे सारखी नाहीत, हे पाहा. शुद्ध अल्कोहोलमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या उंचवट्यामधले अंतर दहा लाखांत सुमारे दीड भाग, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधले सुमारे अडीच. चुंबक होता सुमारे पाऊण टेस्लाचा. म्हणजे मधले आणि टोकाचे हायड्रोजन यांना जाणवणाऱ्या क्षेत्रांतला फरक दोन मायक्रोटेस्लाच्याही थोडा खाली येतो. किती लहान? अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून ज्याची नोंद होते ते आपल्या पृथ्वीचे क्षेत्र या भागात ४० मायक्रोटेस्लाहून थोडे अधिक भरते. होकायंत्राची सुई ज्या क्षीण ओढीवर वळते, तिच्या विसाव्या हिश्श्याएवढा हा फरक. आणि तो शोधायचा पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी बलवान चुंबकाच्या तोंडात उभे राहून. चुंबकाचे क्षेत्र नमुन्याच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला दहा लाखांत काही भागांनी जरी वेगळे असते, तरी तिन्ही उंचवटे एकमेकांत मिसळून एक बोथट फुगवटा उरला असता. चित्रातली स्वच्छता ही चुंबकाच्या ध्रुवांवर आणि नमुन्याच्या आकारावर घेतलेल्या मेहनतीची आहे. उंचवट्यांच्या मध्ये रेघ तळाला येते, त्या तळाकडे रसिकाने आधी पाहावे. तिथे हे चित्र जिंकले आहे.

मग उंची, किंवा नेमके सांगायचे तर उंचवट्याखालचे क्षेत्रफळ. एकास दोनास तीन. प्रत्येक प्रोटॉन सारखाच बोलतो, म्हणून दोन प्रोटॉन दुप्पट आणि तीन तिप्पट. आलेखाची ही बाजू मला सर्वांत अधिक मोहवते, कारण तिला कोणताही संदर्भ लागत नाही. जागा वाचायला दुसऱ्या पदार्थाशी तुलना हवी. प्रमाण वाचायला काहीच नको. अल्कोहोलमधले सहा हायड्रोजन सारखे नाहीत, हे एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनीही ओळखले होते. सोडियम टाकले की सहापैकी एकच सुटतो, यावरून. पण त्यासाठी पदार्थ तोडावा लागे, जाळावा लागे, त्याचे दुसरे काही करून मग मागे तर्क करावा लागे. इथे अल्कोहोल नळीत जसा गेला तसाच बाहेर आला. त्याचा एकही बंध तुटला नाही, आणि तरी त्याने आपले तीन गट मोजून दाखवले.

या चित्रात न दिसणाऱ्यांचाही वाटा आहे. नेहमीचा कार्बन आणि नेहमीचा ऑक्सिजन यांच्या केंद्रकांना चुंबकी बल नसते, म्हणून ते या आलेखात एक शब्दही बोलत नाहीत. ऑक्सिजन हा या रेणूतला सर्वांत प्रभावी घटक, पण त्याची रेघ नाही. त्याचे अस्तित्व फक्त शेजाऱ्यांच्या सरकलेल्या जागांवरून कळते. चांगल्या कथेत एखादे पात्र रंगमंचावर न येता सगळ्यांचे वागणे ठरवते, तसे काहीसे.

या आलेखात उणिवाही आहेत, आणि त्या लपवून रसग्रहण होत नाही. पहिली उणीव अशी की प्रत्येक उंचवटा अखंड दिसतो. प्रत्यक्षात तो अखंड नाही. पुढच्या काही वर्षांत चुंबक आणखी सुधारले, तेव्हा टोकाच्या तीन हायड्रोजनांची रेघ तीन बारीक रेघांत फुटली आणि मधल्या दोघांची चारांत, कारण शेजारच्या कार्बनांवरचे प्रोटॉन बंधांमधल्या इलेक्ट्रॉनांमार्फत एकमेकांना आपली दिशा कळवत असतात. १९५१ च्या चित्रात हा संवाद धूसरपणात बुडालेला आहे. पण जे तपशील दिसत नाहीत, ते आहेत असा आव चित्र आणत नाही. जेवढे स्वच्छ मिळाले तेवढेच ते छापते.

दुसरी उणीव ऑक्सिजनवरच्या त्या एकट्या हायड्रोजनची. त्याची जागा पक्की नाही. त्याच वर्षी अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांनी दाखवले की तापमान बदलले की ती सरकते. अल्कोहोलचे रेणू ऑक्सिजनच्या या हायड्रोजनमार्फत एकमेकांना सैल धरून असतात. गरम केले की पकड सुटते, इलेक्ट्रॉन थोडे परत येतात, आडोसा वाढतो, उंचवटा सरकतो. मोजमापात जागा न धरणारी रेघ म्हणजे दोष. पण याच दोषातून हायड्रोजन बंध पाहण्याचे एक साधन पुढे रसायनशास्त्राला मिळाले. मला तर या आलेखात सर्वांत लहान असलेला हा उंचवटाच सर्वांत जिवंत वाटतो.

एक सावधगिरीही इथेच नोंदवतो. सगळा आडोसा निव्वळ प्रतिचुंबकी असतो असे म्हणणे अपुरे आहे. नॉर्मन रॅम्झी यांनी १९५० साली पूर्ण हिशेब मांडला, आणि त्यात दोन भाग निघाले: एक आडोसा देणारा आणि दुसरा आडोसा काढून घेणारा. फ्लोरिन, नायट्रोजन यांसारख्या हायड्रोजनहून जड अणूंमध्ये दुसऱ्या भागाचे राज्य चालते. प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन थोडे आणि जवळ, म्हणून तिथे पहिल्याचा आवाज मोठा. गोधडीचे चित्र अल्कोहोलला शोभते. ते सगळ्या मूलद्रव्यांवर पांघरू नये.

या पत्रानंतर पुढचे वेगाने घडले. स्टॅनफर्डजवळच्या व्हेरियन कंपनीने ३० मेगाहर्ट्‌झची यंत्रे विकायला काढली आणि एका दशकात रसायनाच्या मोठ्या प्रयोगशाळांत अशी यंत्रे रूढ झाली. जागेच्या त्या सरकण्याला ‘केमिकल शिफ्ट’ हे नाव पडले आणि ते मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या तोंडीही तसेच बसले. धर्मट्टी मुंबईला परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. त्या सुरुवातीच्या वर्षांत ही संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. ज्या परिसरात नळी तराजूला टांगून प्रतिचुंबकत्व तोलले गेले, त्याच परिसरात ते आता केंद्रकाकडून ऐकले जाऊ लागले. कुलाब्याची आजची वास्तू १९६२ साली खुली झाली. १९८० च्या दशकात याच संस्थेत ५०० मेगाहर्ट्‌झचे यंत्र देशभरातल्या संशोधकांसाठी उभे राहिले. तीस मेगाहर्ट्‌झवर जी अंतरे तीन उंचवट्यांना वेगळी ठेवत होती, ती इथे सोळापटीहून अधिक रुंद झाली, आणि प्रथिनांसारख्या शेकडो हायड्रोजनांच्या रेणूंतला एकेक प्रोटॉन ओळखता येऊ लागला.

आणि आमच्या भागातला कोणी गुडघा धरून किंवा पाठ धरून अकोल्याला एमआरआय काढायला जातो, तेव्हाही हाच आलेख कामाला लागतो. एमआरआयमध्ये जे दिसते ते शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे हायड्रोजन. पाण्यातला हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला, म्हणून उघडा. चरबीतला मुख्यतः कार्बनवरचा, म्हणून जास्त पांघरलेला. दोघांत दहा लाखांत साडेतीन भागांचा फरक. अल्कोहोलच्या पहिल्या आणि तिसऱ्या उंचवट्यात जे नाते, तेच इथे. दीड टेस्लाच्या यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे २२० कंपनांचा होतो. तेवढ्या फरकाच्या आधारे यंत्र चरबीला नेमकी हेरून गप्प करते, आणि मग हाडाच्या आतली सूज, स्नायूबंधाची इजा चमकून वर येते. रेडिओलॉजिस्ट ज्याला ‘फॅट सप्रेशन’ म्हणतात ते हेच. रुग्णाला यंत्राचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. त्याच्या शरीरातला प्रत्येक प्रोटॉन त्या वेळी आपापल्या इलेक्ट्रॉनांच्या आडोशाचा हिशेब देत असतो. फॅरडेने ज्याला नाजूकपणे टांगण्याची कल्पना केली होती, तो माणूस आता खरोखर चुंबकात झोपलेला आहे.

माझी एक विनंती आहे, आणि ती विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या रसायनाच्या शिक्षकांना आहे. बी.एस्सी.च्या वर्गात एथिल अल्कोहोलचा हा आलेख तुम्ही फळ्यावर काढताच. टोकाचे तीन, मधले दोन, ऑक्सिजनवरचा एक, असे बाण दाखवून पुढे जाता. त्या आलेखाखाली तीन नावे आणि एक साल लिहा: अर्नोल्ड, धर्मट्टी, पॅकार्ड, १९५१. आणि मुलांना सांगा की यांतल्या मधल्या माणसाने प्रतिचुंबकत्व मोजायला मुंबईत सुरुवात केली होती.